उलटं बसवलेलं सील

सोमवार, ६ जुलै २००९

गुणाबाईची गाडी आज टेम्पोतून परत आली. होळीच्या सुमारास माझ्या दारातून स्वतःच्या चाकांवर गेली होती, आज हौसाबाईच्या मासळीच्या टेम्पोत दोरीनं करकचून बांधून आली. खांदा कॉलनीतल्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगनं गॅलरीत उभं राहून पाहिलं.

या गाडीविषयी नीट लिहून ठेवतो, कारण माझ्या हातून झालेलं हे सगळ्यात चांगलं काम आहे. फॅक्टरी सोडल्यापासून मी अपंगांच्या स्कूटरना मागे दोन जादा चाकं जोडून देतो. आयटीआय नाही, डिप्लोमा नाही. जे शिकलो ते उघडून आणि परत लावून. गुणाबाईची मागणी मात्र वेगळी होती. ती गव्हाणची कोळीण. पहाटे करंजाच्या बंदरावर लिलावाला जाते आणि पनवेलला उरण नाक्याच्या मार्केटात मासळी विकते. तिला सासऱ्याला बरोबर न्यायचं होतं. सासरे म्हणजे दाजी. जन्म होडीवर गेला. गेल्या दिवाळीत झटका आला, उजवं अंग गेलं, वाचा गेली, मागोमाग होडीही विकावी लागली. म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागला.

"त्याला बंदर दिसला पायजे, दादूस," ती म्हणाली होती. "नायतर तो या भितीकडं बगून बगूनच जाईल."

म्हणून मी तिच्या गिअरलेस स्कूटरला डाव्या अंगाला साइडकार केली. पुढे दाजींसाठी हातांची खुर्ची, मागे बर्फाची पेटी, तळाला सागाच्या फळ्या. या गाड्यांचा क्लच डावीकडच्या बंद डब्यात असतो आणि डब्याला हवा लागते. उरण रोडला पाणी साचलं की ते हवेच्या भोकातून आत जाणार. म्हणून त्या भोकाला मी एक नळी जोडली, ती सीटच्या उंचीपर्यंत वर आणली, तोंडाला पितळेचं छोटं नरसाळं आणि त्यावर बिजागरीचं झाकण बसवलं. अशी श्वासनळी कुठल्याही कंपनीच्या गाडीला नाही. समोरच्या गॅरेजवाल्या कुंदननं ती पाहून विचारलं होतं, "काका, यात चहा ओतायचा का रॉकेल?" कुंदनचा हात चांगला आहे, पण त्याला हवेचं शास्त्र कळत नाही.

त्या गाडीनं काय केलं ते मला दिसत होतं. बंदरावर जायला लागल्यापासून दाजी ताठ बसायला लागले. एप्रिलात एकदा ‘चल’ म्हणाले. झटक्यानंतरचा पहिला शब्द.

आणि आज ती बंद. गुणाबाई म्हणाली, "इंजिन बोंबलतंय नि चाक झोपलंय." याहून नेमकं निदान डॉक्टरही करणार नाही. क्लच घसरतोय.

मंगळवार, ७ जुलै

साइडकार सोडवून डबा उघडला. आधी नाकाखाली बाम लावला. मासळीच्या त्या गाडीजवळ बसायचं तर आमच्यासारख्या शाकाहाऱ्याला दुसरा इलाज नाही. दमयंती म्हणाली, "इतकं काय ते!" ती श्रीवर्धनची, तिच्या माहेरी सगळं चालायचं. लग्नानंतर तिनं सोडलं ते सोडलंच. कधी नावही काढलं नाही.

या क्लचचं काम सोपं आहे. इंजिननं वेग घेतला की आतले तीन बूट बाहेर फेकले जातात, भोवतालच्या लोखंडी वाटीला आतून घट्ट धरतात आणि वाटीबरोबर मागचं चाक फिरतं. तो सगळा मामला कोरडा हवा. इथे बूट ओले होते. पिवळट, चिकट तेल. वाटीवर साखरेच्या पाकासारखा थर.

निदान: गिअरबॉक्सचं तेल अडवणारं रबरी सील गळतं आहे. क्लचमध्ये तेल म्हणजे सील, हे पुस्तकातही आहे आणि माझ्या अनुभवातही. जुनं सील काढलं. वरवर चांगलं दिसत होतं, पण रबराचा काही भरवसा नसतो. नवीन बसवलं. बूट पेट्रोलनं धुतले, पॉलिश पेपर मारला. थर सहज सुटेना. नखानं खरवडावा लागला. हे जरा विचित्र वाटलं.

बुधवार, ८ जुलै

नेऱ्याच्या रस्त्यावर ट्रायल घेतली. साइडकारमध्ये सिमेंटच्या दोन गोण्या. चढावर अशी ओढली की क्या बात है. गुणाबाई गाडी घेऊन गेली. दमयंती आज बुधवारच्या भजनाला गेली होती, वेलदोडा चघळत परत आली. गुणाबाईची आणि तिची ओळखही या बुधवारांमधलीच. भजनाला बायका कुठून कुठून येतात.

सोमवार, १३ जुलै

परत तेच. गव्हाण फाट्यावर, सुक्या बोंबलांची पाटी भरलेली, दाजी खुर्चीत, वरून पाऊस. लोकांनी गाडी ढकलत कडेला घेतली. दाजी उतरायला तयार होईनात. डाव्या हातानं खुर्चीचा हात धरून बसले. गुणाबाईनं फोनवर हे हसत हसत सांगितलं, पण मी त्या बाईला ओळखतो. ती हसते तेव्हा नीट ऐकावं लागतं.

मी मान्य करतो, मला वाईट झोंबलं. डबा उघडला, बूट पुन्हा ओले. तोच पिवळेपणा. या वेळी गिअरबॉक्सचं आणि इंजिनच्या बाजूचं, दोन्ही सील बदलली. बूटही नवे टाकले.

एक शंका लिहून ठेवतो. गुणाबाई ब्रेक धरून रेस करत असेल का? बायका तसं करतात. बूट तापतात आणि घसरतात. तेलाचा खुलासा त्यातून होत नाही, पण शंका आहे.

गुरुवार, १६ जुलै

शंका मागे घेतो.

आज मुद्दाम गव्हाणला गेलो आणि तिच्याबरोबर साइडकारमध्ये बसून उरण रस्त्याला थेट बंदरापर्यंत जाऊन आलो. मी गाडीच्या मीटरकडे आणि तिच्या उजव्या मनगटाकडे पाहत होतो. काय ते मनगट! रेस देताना कुठे झटका नाही. चढ यायच्या आधीच तिला चढ कळतो. समोरून कंटेनरचा ट्रेलर आला की ती शिंगाला शिंग लावत नाही आणि दबतही नाही. त्याच्या वाऱ्याचा धक्का येणार हे धरून आधीच जरा आत घेते आणि तो गेला की आपल्या रेषेवर येते. साइडकारवाली गाडी डावीकडे ओढते हे मला गणितानं माहीत होतं, तिला खांद्यात माहीत आहे.

"कुठे शिकलात?" मी विचारलं.

"शिकायला कोन बसलंय! होडीच्या सुकाणूला धा वर्सं बसलेय. दाजी बोंब मारायचा, मी वळवायची. तवा त्याला वाचा होती ना, कानात अजून वाजते."

"आता बरं शांत झालं असेल."

"शांत?" ती म्हणाली. "दादूस, त्या शिव्यांसाठी मी रोज त्याला बंदरावर नेते. एक तरी परत आयली पायजे."

बंदरावर सगळ्या होड्या वर ओढून ठेवल्या होत्या. पावसाळ्याची बंदी. नारळी पुनवेनंतर पाण्यात जातील. लोक त्यांना काहीबाही चोपडत होते. मला बामामुळे वास कळत नाही, हे बरंच.

घरी आलो तर दाजी अंगणात स्टुलावर. मांडीत तेलाचा डबा, डाव्या हातात काथ्याचा कुंचा. बिचारे दुखऱ्या अंगाला चोळत असणार. मी म्हटलं, "दाजी, मालिश चांगली. रोज करत जा." त्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि मान हलवली. समजतं सगळं त्यांना.

गुणाबाईनं चहा दिला. गाडीच्या चाकात तिनं झेंडूचं फूल खोचलं होतं. म्हणाली, "ही आता आमची होडी. दाजी तर तिला होडीच बोलतो."

"बोलतात कुठे?"

"बोलतो. तुना ऐकू येत नाय."

मंगळवार, २१ जुलै

गाडी तिसऱ्यांदा बंद. मुद्दाम काही लिहीत नाही.

बुधवार, २२ जुलै

लिहितो.

हौसाबाई आज टेम्पो घेऊन आली तेव्हा गुणाबाईही होती. हौसाबाई मार्केटातली जुनी, वजनदार बाई. सहा-सात जणी मिळून टेम्पो ठरवतात. कोणाच्या पाट्या कुठे आणि कोण कुठे बसणार हे नारळी पुनवेच्या आधी ठरतं, मग हंगामभर बदल नाही. एक जागा मोकळी आहे.

"गुणा, ऐक माझा," हौसाबाई म्हणाली. "ही खेळनी घराला ठेव. टेम्पोत ये. मंगळवारपरत मना सांग, नायतर जागा दुसरीला जाईल."

"आन दाजी?"

"दाजी काय? दाजी घराला."

गुणाबाईनं आधी टेम्पोकडे, मग माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं. गाठ सुटेल की नाही असं दोरीकडे पाहतात, तसं पाहिलं.

मग कुंदन रस्ता ओलांडून आला. "काका, मनावर घेऊ नका, पण साइडकार काढा. या इंजिनला एवढं वजन झेपत नाही. क्लच जळणारच."

"जळालेला क्लच काळा असतो," मी म्हटलं. "हा पिवळा आहे."

"पिवळा काय, हिरवा काय, गाडी चालत नाय ना!"

सगळे हसले. मीही हसलो. वर येऊन जेवलो नाही. दमयंती भजनाला गेली होती ते एका अर्थी बरं झालं.

गुरुवार, २३ जुलै

आज पहिल्यांदा शांतपणे विचार केला. तेल आहे, हे खरं. मग तेल कुठून तरी कमी व्हायला हवं. इतकी साधी गोष्ट मी आधी केली नाही, कारण ‘सील’ हे उत्तर मला आधीपासून माहीत होतं.

गिअरबॉक्समधलं तेल सगळं बाहेर काढलं आणि इंजेक्शनच्या मोठ्या सिरिंजनं मोजलं. जेवढं घातलं होतं तेवढंच. इंजिनची तेलाची पट्टी पाहिली, पातळी जशीच्या तशी. म्हणजे गाडीच्या आतलं तेल आतच आहे. क्लचमधलं तेल या गाडीचं नाहीच!

मी पायरीवर बसून राहिलो. हा आनंद कोणाला सांगायचा? सांगितलं असतं तर कुंदन म्हणाला असता, मग काय आभाळातून पडलं? आणि त्याचं म्हणणं एका अर्थी बरोबर ठरलं असतं. तेल बाहेरून येत असेल तर बाहेरून आत जायला एकच वाट आहे. माझी श्वासनळी. आतून बोट फिरवलं. चिकट.

कोणीतरी नरसाळ्यातून तेल ओततं आहे.

डोळ्यासमोर पहिलं नाव हौसाबाईचं आलं. टेम्पोतली जागा भरायची आहे, गाडी चालली तर गुणाबाई टेम्पोत कशाला येईल? हे मी दमयंतीला बोलून दाखवलं.

"काहीतरीच," ती म्हणाली. "हौसाबाईनं तीन वेळा स्वतःच्या टेम्पोतून गाडी आणून टाकली ती काय म्हणून? आणा बघू तो बोळा इकडे."

मी क्लच पुसलेला बोळा दाखवला. तिनं तो नाकाजवळ नेला. असा काही श्वास घेतला की मला वाटलं तिला घेरी आली.

"हे मुशीचं तेल आहे," ती म्हणाली.

"कसलं?"

"मुशी. मासा असतो. त्याच्या काळजाचं तेल. आमच्याकडे पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की हेच लावायचे. वाळून कसा थर बसतो! पाणी शिरत नाही, लाकूड कुजत नाही. सगळ्या आळीला वास यायचा." ती बोळा खाली ठेवेना. "बाबा ओसरीवर बसून म्हणायचे, आता पुनव आली."

इतक्या वर्षांत ती माहेराविषयी एका दमात एवढं बोलल्याचं मला आठवत नाही.

रविवार, २६ जुलै

हे सविस्तर लिहितो.

गाडी साफ करून शुक्रवारीच गव्हाणला पोचवली होती. आज न सांगता गेलो आणि शेजारच्या पडवीत, जाळ्यांच्या ढिगामागे बसलो. बाम लावला नाही. मळमळलं, पण पहिल्यांदाच त्या अंगणाचा खरा वास कळला.

जेवणं झाल्यावर दाजी बाहेर आले. काठी, भिंत, मग गाडी, असं धरत धरत. स्टूल पायानं सरकवलं. तेलाचा डबा आधीच उन्हाच्या कवडशात ठेवला होता, पातळ व्हायला. डाव्या हातानं त्यांनी आधी कोरड्या फडक्यानं साइडकारची फळी पुसली. अख्खी. मग कुंचा बुडवला, डब्याच्या काठावर दोनदा निपटला आणि फळीच्या रेषेबरोबर, आडवा नाही, रेषेबरोबर फिरवला. एक फळी झाली की थांबायचे, तिरकं बघायचे, कुठे कोरडं राहिलं असेल तर तिथेच पुन्हा. सांध्यात कुंचा उभा धरून टोकानं तेल आत ढकललं. लोखंडाच्या पाट्यांवर, चाकाच्या दांड्यावर, सगळीकडे. एका हातानं, तेही डाव्या, आणि जमिनीवर एक थेंब नाही. मी फॅक्टरीत रंगकाम करून घेतलंय, सर्टिफिकेटवाली माणसं पाहिली आहेत. इतकं नीट काम करताना मी फार थोड्यांना पाहिलंय. माझ्या नावापुढे मी स्वतः ‘नेटकं काम’ असं पाटीवर लिहून घेतलं आहे. ती पाटी आठवून जरा संकोच वाटला.

शेवटी त्यांनी नारळाच्या करवंटीत थोडं तेल घेतलं. पितळी झाकण अंगठ्यानं उघडलं. नरसाळ्यात हळूहळू ओतलं, बाळाला वाटीनं दूध पाजतात तसं, थांबून थांबून. झाकण लावलं. आणि गाडीवर दोनदा थाप मारली. "चल," म्हणाले. मला स्पष्ट ऐकू आलं.

तोंड वर केलेलं नरसाळं आणि त्यावर झाकण. दुसरं काय करायचं असतं त्याचं? तेल ओतायची जागा म्हणूनच ते दिसतं. माझ्या मापात चूक नव्हती. पण हे मला बसवताना दिसायला हवं होतं, एवढं खरं.

मी तसाच उठून निघालो. गुणाबाई दारात होती, "काय दादूस, कवा आयलास?" म्हणाली. काम होतं, म्हणालो. गाडीला हात लावला नाही, चहा घेतला नाही.

तिला सांगायचं म्हणजे काय होईल ते मला कळतं. ती मोठ्यानं बोलेल, शेजारीपाजारी ऐकतील, दाजींच्या हातातला डबा काढून घेतला जाईल. ‘गाडीला हात लावू नको.’ आधीच होडी गेली, सुकाणू गेलं, शिव्या गेल्या. म्हातारा बंदरावर सामानासारखा जाईल आणि सामानासारखा येईल. गाडी दुरुस्त होईल. पण गाडी केली होती ती कशासाठी?

दमयंतीला सगळं सांगितलं आणि बजावलं, हे कुठे बोलायचं नाही. ती म्हणाली, "मी कोणाला सांगणार?"

मंगळवार, २८ जुलै

गाडी काल मागवून घेतली, बंद पडायच्या आत. हौसाबाईला निरोप दिला, शनिवारपर्यंत थांबा. ती म्हणाली, "बापट, तुझ्यासाठी नाय, दाजीसाठी थांबते."

काम असं केलं. डब्याच्या हवेसाठी नवी नळी, बर्फाच्या पेटीमागून वर नेऊन तोंड खाली वळवलेलं. काठीची मूठ असते तसं. पाऊस शिरणार नाही, करवंटी पोचणार नाही, कुणाच्या डोळ्यांतही भरणार नाही. खरं तर पहिल्यापासून असंच करायला हवं होतं.

पितळी नरसाळं मात्र जिथल्या तिथे ठेवलं. त्याची नळी आता साइडकारच्या खाली जाते. तिथे स्प्रिंगच्या पाट्या आहेत आणि फळ्यांची न दिसणारी बाजू, जिथे दाजींचा कुंचा पोचत नाही. नळीला बारीक भोकं पाडून वर नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, जाड पट्टी गुंडाळली. ओतलेलं तेल तिच्यात मुरतं आणि झिरपत राहतं. बर्फाचं खारट पाणी सगळं तिथेच ठिबकतं. पाट्यांना आताच गंज धरला होता, मी उघडून पाहिल्यावर चरकलो. तेलाची सगळ्यात जास्त गरज तिथेच होती. म्हणजे दाजींचं चूक नव्हतं. माझी नळी चुकीच्या जागी जात होती.

बुधवार, २९ जुलै

बूट नवे, वाटी थिनरनं धुतली. ट्रायल उत्तम. दमयंती भजनाला. उशिरा आली, डोळे लाल. म्हणाली, भजन फार रंगलं.

शनिवार, १ ऑगस्ट

गाडी घेऊन मार्केटात गेलो. स्वतः चालवत. गुणाबाई सोड्यांच्या, म्हणजे सुक्या कोलंबीच्या, राशीमागे, शेजारी हौसाबाई, मध्ये उलट्या पाटीवर दाजी बसलेले. आज त्यांना टेम्पोत पुढे बसवून कसंबसं आणलं होतं.

"झायली?" गुणाबाईनं विचारलं.

"झाली. आता होणार नाही."

"असा मागं दोनदा बोल्लास," हौसाबाई म्हणाली. "झायला काय होता तां सांग. कारन समजला नाय तर परत होनार. गुणा, कारन इचार त्याला. जागेचा आताच बोलायचा हाय."

गुणाबाईनं माझ्याकडे पाहिलं. "सांग दादूस. कशानं गेला क्लच?"

मी दाजींच्या डाव्या हाताकडे पाहिलं. नखांच्या कडा पिवळ्या होत्या. हात मांडीवर पालथा, स्वस्थ. म्हातारा माझ्याकडे पाहत होता, आपली होडी कधी मिळते म्हणून.

आयुष्यात मी कधी खोटं निदान सांगितलेलं नाही. गिऱ्हाइकाला राग आला तरी नाही, साहेबाची चूक असली तरी नाही. त्या एका गोष्टीवर मी उभा आहे. बाकी माझ्याकडे कागद काय आहे?

"माझी चूक," मी म्हटलं. "सील मी उलटं बसवलं होतं."

"उलटा?"

"तोंड आत पाहिजे, बाहेर ठेवलं. तिन्ही वेळा."

हौसाबाईनं असा काही हात मारला की तराजू हलला. "आगो बाय! मोठा इंजिनेर! तिनी टायमाला उलटा!" पलीकडच्या बायकांनी विचारलं काय झालं, तिनं सांगितलं, त्यांनी पुढे सांगितलं. कोलंबीवाल्यापासून कोंबडीवाल्यापर्यंत गेलं. माझे कान तापले. एक क्षण वाटलं, ओरडून सांगावं की गिअरबॉक्सचं तेल मी सिरिंजनं मोजलंय.

गुणाबाई एकटी हसली नाही. माझ्याकडे बघत होती. मग पदरानं तोंड पुसलं, नाक पुसलं, आणि सोड्यांवरची माशी हाकलली.

"मंग कारन समजला ना," ती हौसाबाईला म्हणाली. "मानूस तोंडावर बोलतोय चुकलो म्हनून. जागा दे दुसरीला. मी माज्या होडीनं जाईन."

दाजींना बसवायला मी हात दिला. बसल्याबरोबर त्यांनी अंगठ्यानं पितळी झाकण उघडून पाहिलं, लावलं.

सोमवार, ३ ऑगस्ट

कुंदनपर्यंत पोचलं. रस्त्यापलीकडून ओरडला, "काका, एक सील बसवायचंय, कुठली बाजू आत?" त्याच्याकडे आलेली दोन गिऱ्हाइकंही हसली. मी म्हटलं, "ज्या बाजूला अक्कल आहे ती." उत्तर तसं जमलं नाही. आज दुपारी एक गिऱ्हाईक चाकं जोडायला आलं होतं, पाटी वाचून कुंदनकडे गेलं. असू दे.

रविवार, ९ ऑगस्ट

पुनव होऊन होड्या समुद्रात गेल्या. आज पहिला मोठा माल आला म्हणतात.

चहा घेत होतो तोच खाली हॉर्न. गुणाबाई करंजाहून थेट इकडे वळली होती. पेटी गच्च, झाकणातून बर्फाचं पाणी ठिबकत होतं, इंजिन चालू. मी कान लावला: एकसारखा आवाज, कुठे घसरण नाही. दाजी खुर्चीत, लुंगीवर खवले चिकटलेले. मला बघून डावा हात वर केला आणि तोंड वेडंवाकडं करून काहीतरी मोठ्यानं म्हणाले. मला नीट कळलं नाही, पण गुणाबाईनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि खालून जाणाऱ्या एका माणसानं चमकून मागे पाहिलं.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"तां बायकांनी सांगायचा नसतो!" ती म्हणाली. हसत होती आणि डोळ्यांतून धार. "आज लिलावाला पयली दिली त्यानं, एका दलालाला. आख्खा बंदर थांबला. आन आता तुना."

दमयंती डबा घेऊन खाली गेली. दोघी गाडीशी बराच वेळ बोलत होत्या. वर आली तेव्हा डबा जड होता. तो ती शेजारच्या रियाकडे ठेवून आली. काय आहे ते मी विचारलं नाही, बायकांची देवाणघेवाण असते.

"गुणानं तुम्हाला निरोप दिलाय," दमयंती म्हणाली. "म्हणाली, दादूसला सांग, सील उलटा बसवलास त्याचा उपकार या जन्मात फिटायचा नाय."

"उलटं बसवल्याचा उपकार? सरळ बसवल्याचा म्हणाली असेल."

"नाही. उलटं बसवल्याचाच."

यंत्राच्या दृष्टीनं या वाक्याला काहीच अर्थ नाही. बाई आनंदात होती, बोलली काहीतरी. पण दमयंतीनं ते दोनदा सांगितलं, म्हणून जसंच्या तसं लिहून ठेवतो.